जयंतीचा पाहुणा

संघपाल गुरुजींना गावात दोन गोष्टींमुळे ओळखत. बत्तीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतले, ही पहिली. आणि निवृत्तीनंतर लोक मोटारसायकल घेतात, घरावर स्लॅब टाकतात, तर या गृहस्थाने दुर्बीण घेतली, ही दुसरी. पहिलीसाठी लोक वाकून जयभीम करत, दुसरीसाठी पाठ वळली की हसत. गुरुजींना दोन्ही ठाऊक होतं. कुणी हसलं तर ते मनावर घेत नसत, पण कुणी चूक दाखवली की त्यांच्या नाकाचा शेंडा लाल होई.

साकोली तालुक्यात, एकोडीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की त्यांचं गाव. गावाला कितीतरी पिढ्यांपूर्वीचा तलाव. एका बाजूला मातीचा उंच पार, म्हणजे बांध, त्यात पाणी सोडायचं दगडी तुडूम, आणि समोरच्या बाजूला काहीच नाही. तिकडून जमीन सुपासारखी हळूहळू उतरत पाण्यात जायची. भादव्यात पाणी थेट पळसांच्या बुंध्यांना लागायचं. मग तुडूम उघडून धानाला पाणी सुटलं की ते मागे सरकू लागे, आज हातभर, उद्या दोन हात, आणि सरकताना ओला काळा चिखल उघडा टाकून जाई. चैत्र लागेपर्यंत तलावाच्या मध्यात गुडघाभर पाणी उरे आणि सभोवती नुसता चिखल. परक्या माणसाला वाटावं, काय हा तलाव, निम्मा तर वाळूनच गेला.

त्या चिखलातच पाखरं उतरत. टिलवे, तुतारी, कंठेरी चिखल्या, अशी त्यांची नावं गुरुजींच्या पुस्तकात होती. गावात सगळ्यांना मिळून एकच नाव, चिखल्या. बर्फाच्या मुलखातून आलेली, मुठीत मावतील एवढी पाखरं दिवसभर चिखलात चोच खुपसत धावत असत. गुरुजी पळसाखाली बसून ती मोजत आणि वहीत लिहीत. पोरांची हजेरी घ्यायची सवय, दुसरं काय.

या सगळ्यांत एक त्यांचा जीव की प्राण होता. दहा वर्षांपूर्वी, चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी, बुद्धविहारावर पताका लावून गुरुजी तलावावर गेले, तर चिखलात उंच पायांचा, विटकरी मानेचा एक पाणटिवळा उभा. चोच हातभर नाही तरी वीतभर खरीच. ती तो मुळापर्यंत चिखलात घालत होता आणि काहीतरी ओढून गिळत होता. दुर्बिणीतून बघितलं तर त्याच्या पायात पिवळी पट्टी, आणि पट्टीवर काळ्या अक्षरांत सी-नऊ.

गुरुजींनी शोधाशोध करून समुद्रकाठच्या एका संस्थेला पत्र टाकलं. उत्तर आलं दामिनी नावाच्या मुलीचं. ती तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती, आणि गंमत म्हणजे मुलगी निघाली भंडाऱ्याची, कोष्ट्यांच्या घरची, हातमागाच्या खटखटीत वाढलेली. तिने लिहिलं, हा पक्षी आम्ही खाडीच्या चिखलात पकडून, वजन करून, पट्टी घालून सोडला. हिवाळा तो समुद्रावर काढतो. मार्चच्या शेवटी उडतो आणि हिमालयापलीकडे जातो. मधल्या दिवसांत तो कुठे उतरतो ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तुमच्यामुळे कळलं.

ते पत्र गुरुजींनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. ते पहिलं वर्ष धरून सी-नऊ सलग नऊ वर्षं आला. कधी बारा तारखेला, कधी पंधराला. पाच-सहा दिवस राहायचा, टम्म व्हायचा आणि एका संध्याकाळी नाहीसा व्हायचा. गुरुजी त्याला जयंतीचा पाहुणा म्हणत. त्यांची बायको रत्नमाला म्हणे, "जावई येते तवा इतकं नाही पाह्यत तुमी वाट." त्यावर गुरुजी म्हणत, "जावई मानाचा आहेर मागते. हा मागते का काही?"

आणि याच गुरुजींनी त्या पाहुण्याचं वाटोळं केलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर निदान शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

झालं असं. एका उन्हाळ्यात ऊन लवकर तापलं आणि तलावाचं पाणी घमेल्यात उरावं तसं उरलं. सी-नऊ चार दिवसांतच गेला. गुरुजींच्या मनाने घेतलं, की पाहुणा पाण्यावाचून गेला. आता या मुलखातली रीत अशी, की पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा गडवा. चहा मागून, जेवण मागून, आधी पाणी. नुसतं हात हलवून पाहुण्याला बसा म्हणणाऱ्या घराला लोक नावं ठेवतात. गुरुजींनी पाखराला तोच न्याय लावला. तलाव जयंतीपर्यंत भरलेला राहिला पाहिजे, म्हणजे पाहुण्याची आबाळ होणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, पंचायतीत गेले, तालुक्याच्या कचेरीत साकोलीला तीन खेपा घातल्या. तलाव खोल करायचा, गाळ काढायचा, समोरची बाजू सरळ खोदून तिला दगड लावायचे. तलाव भरलेला कुणाला नको असतो? गाव खूश झालं.

ग्रामसभेत एकटा सेवकराम उठला. सेवकराम ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, गुरुजींपेक्षा चार वर्षांनी लहान, सहावी शिकलेला. तलावात कुठे किती पाणी आहे ते पायाने सांगणारा माणूस.

"गुरुजी, मधात खोल करा, माजी ना नाही," तो म्हणाला. "पन तिकडची उतरती बाजू नोका खोदू. थ्या बाजूले गवत होते, तितंच मासोई अंडे टाकते. आन तुमची पाखरं बी तितंच चरतेत. त्याइले पानी नाही पायजे, गुरुजी. कड पायजे."

गुरुजींच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"सेवकराम, तू आपलं जाळं सांभाळ," ते म्हणाले. "पाखराचं मले नको शिकवू."

सभा हसली. सेवकराम खाली बसला. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढून घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली, आणि ठरावावर अंगठे-सह्या होईपर्यंत तेच करत राहिला.

त्याच मे महिन्यात जेसीबी आला. पंधरा दिवसांत तलावाची उतरती बाजू कापून उभी केली, आणि तिला गोटे लावून सिमेंट भरलं. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला तेव्हा गुरुजींनी पारावर उभं राहून फोटो काढला आणि दामिनीला पाठवला. खाली लिहिलं, पाहुण्याची सोय केली आहे.

त्या हिवाळ्यात चिखल्या आल्या नाहीत. गुरुजींनी स्वतःची समजूत घातली, यंदा पाऊस जास्त, म्हणून. पुढच्या एप्रिलात ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला लेकीकडे होते. सी-नऊ आला की नाही ते त्यांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी कुणाला विचारलंही नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तलावावर दोन पाणकावळे आणि एक बगळा. वहीची पानं कोरी राहू लागली. सोसायटीच्या जाळ्यात देशी मासोळी येईना, तेव्हा सेवकरामची दोन्ही पोरं लाखनीला हायवेवरच्या ढाब्यावर कामाला लागली. सेवकराम रस्त्यात भेटला की अजूनही "जयभीम गुरुजी" म्हणे. गुरुजी मान हलवून घाईत असल्यासारखे पुढे जात. दोन वर्षांत त्याच्या अंगणात त्यांनी पाय ठेवला नव्हता.

यंदा दामिनीचा फोन आला. "गुरुजी, मी स्वतः येऊन राहिली. मार्चमध्ये सी-नऊ पुन्हा आमच्या जाळ्यात आला. पट्टी तीच, पण वजन पाहून मले बरं नाही वाटलं. तुमचा चिखल मले डोळ्यानं पाहायचा आहे."

गुरुजी म्हणाले, या. दुसरं काय म्हणणार?

अकरा एप्रिलला ती साकोलीहून ऑटोने आली. पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी, बोलताना अजून भंडाऱ्याचीच. रत्नमालाने तिला पाणी दिलं, चहा दिला. मग गुरुजी तिला तलावावर घेऊन गेले. रस्ताभर ते ऊन, मोहफुलं, एस.टी.चं वेळापत्रक, असलं काहीबाही बोलत राहिले.

पारावर चढल्यावर दामिनी थांबली. समोर निळंशार पाणी, पलीकडे दगडांची सरळ भिंत.

"गुरुजी, तुम्ही पत्रात लिहायचे ती उतरती बाजू कुठे गेली?"

"ते… खोलीकरण झालं. योजना आली होती."

"पाणी तर छान दिसते," ती म्हणाली. बिचारीला म्हाताऱ्याचं मन दुखवायचं नव्हतं. मग पारावर बसून तिने सावकाश सांगितलं. पाणटिवळ्याला पोहता येत नाही असं नाही, पण तो जगतो चोचीवर. ओल्या मऊ चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी असतात, त्या ओढून तो पाच दिवसांत अंगावर चरबी चढवतो, आणि त्या चरबीवर पुढचे डोंगर पार करतो. समुद्रावरची खाडीही आता बुजत चालली, तिकडून तो अर्धपोटी निघतो. मधला मुक्कामही रिकामा लागला तर तो उडतो, पण उशिरा पोचतो, हडकलेला पोचतो, आणि त्या वर्षी अंडी घालायचं राहून जातं.

"भंडाऱ्याजवळ कारध्याच्या पुलाखाली आम्ही लहानपणी नदीच्या वाळूत खेळायचो," ती म्हणाली. "आता तिथं धरणाचं पाणी उन्हाळ्यातही फुगलेलं असते. वाळू गेली, तवा वाळूवरची पाखरं गेली. लोकाइले पाणी दिसते, म्हणून वाटते सगळं भरलेलं आहे. उपाशी पक्षी इथं मरून पडत नाही ना, गुरुजी. म्हणून कोणाले दिसत नाही."

गुरुजींनी दुर्बिणीच्या काचा पुसल्या. त्या स्वच्छच होत्या.

रात्री जेवताना रत्नमालाने त्यांच्या ताटात भात वाढला आणि हलक्या आवाजात विचारलं, "सांगितलं का तिले?"

"काय?"

"मालूम आहे तुमाले काय."

गुरुजी भात कालवत राहिले. बत्तीस वर्षं त्यांनी खोटं बोलणाऱ्या पोरांना ओणवं उभं केलं होतं.

बारा तारीख गेली, तेरा गेली. दोघं सकाळ-संध्याकाळ पळसाखाली बसत. गुरुजींच्या मनात दोन इच्छा भांडत होत्या. तो यावा, म्हणजे जिवंत आहे एवढं तरी कळेल. आणि तो येऊ नये, त्याला दुसरीकडे कुठे तरी, कुणाच्या तरी शेतातल्या लहानशा बोडीच्या काठी, चिखल सापडलेला असावा. आपला पाहुणा दुसऱ्याच्या दारी गेला तर बरं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

चौदाला पहाटेच गावात भोंगा सुरू झाला. निळे झेंडे लागले, पोरं पांढऱ्या कपड्यांत तयार होऊ लागली. दरवर्षी रॅलीत पुढे चालण्याचा मान गुरुजींचा. ते नवा पांढरा सदरा घालूनच दामिनीबरोबर तलावावर आले होते, म्हटलं आठपर्यंत परतू.

साडेसहाला तो आला.

पश्चिमेकडून, उंचावरून, एकटा. तलावावर त्याने एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. दहा वर्षं ओळखीची जागा आणि उतरायला जागाच नाही. शेवटी तो पळसांसमोरच्या दगडांवर टेकला. दामिनीने दुर्बीण लावली आणि अगदी हळू म्हणाली, "पिवळी पट्टी. सी-नऊच आहे."

गुरुजींना पट्टी वाचायची गरज नव्हती. तो बरोबर त्याच कोपऱ्यात उतरला होता जिथे नऊ वर्षं उतरत आला. तो दगडांवरून चालू लागला. दोन पावलं टाकायचा आणि चोच खाली घालायचा. चोच सिमेंटवर आपटायची. तो मान वर करून थांबायचा, पुन्हा दोन पावलं. दोन गोट्यांमधल्या फटीत त्याने चोच घालून पाहिली, पाण्याच्या कडेला पाय टाकून पाहिला आणि पोटापर्यंत बुडाल्यावर फडफडत वर आला. विटकरी रंग चढला होता, पण छातीचं हाड दिसत होतं. असा तो त्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. गुरुजींना वाटत होतं, उठून ओरडावं, जा बाबा, इथे काही नाही. पण ते बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

पाऊण तासाने तो उडाला. एकदा ओरडला, आणि उत्तरेकडे गेला. पाच दिवस राहणारा पाहुणा पाऊण तासात गेला.

दामिनीने पिशवीतून छापील कागद काढला. तारीख, वेळ, पट्टीचा क्रमांक भरला. एका रकान्याशी तिचं पेन थांबलं. "इथं लिहायचं असते, मुक्कामाची जागा बदलली असल्यास कारण. शासकीय काम, असं लिहू का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "माहं नाव लिही."

"गुरुजी…"

"अर्ज मी लिहिला. साकोलीले खेपा मी मारल्या. भर सभेत एक माणूस सांगत होता, कड नोका खोदू, पाखराले कड लागते. त्याले मी गावासमोर गप्प बसवलं. त्याचंही नाव लिही. सेवकराम. त्याले बरोबर मालूम होतं."

दामिनीने कागद त्यांच्यापुढे धरला. रकाना बोटभर रुंदीचा होता. "यात नाव लिहायले जागाच नाही, गुरुजी," ती म्हणाली, आणि तिने लिहिलं, उथळ कड नष्ट.

गावातून ढोलाचा आवाज येऊ लागला होता. दामिनीला घरी जायला सांगून गुरुजी उठले, पण विहाराकडे वळले नाहीत. पार ओलांडून ते ढिवरटोलीकडे चालू लागले. कागदावर जागा नव्हती हे खरं, पण हे ऐकून घ्यायला एक माणूस गावात होता.

सेवकराम अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. पांढऱ्या सदऱ्यातल्या गुरुजींना पाहून तो गडबडीने उठला. "जयभीम गुरुजी. आज जयंती न तुमी इकडं काहून?" त्याने आत हाक मारली, "मंगला, गुरुजी आले, पानी आन."

त्याच्या बायकोने गडवा आणला. गुरुजींनी तो घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"थो आला होता, सेवकराम."

"मी पाह्यला पारावरून. तुमी दोघं होते, म्हनून नाही आलो तिकडं."

"माह्या दारातून उपाशी गेला." गुरुजी गडव्यातल्या पाण्याकडे पाहत होते. "तू सांगितलं होतं. त्या दिवशी सभेत मी तुले…"

"सोडा ना थे, गुरुजी."

"नाही सोडत. मी चुकलो. तुले बोललो थे चुकलं, आन तुहं ऐकलं नाही थे त्याहून जास्त चुकलं. तुह्या पोराइले गाव सोडा लागलं माह्यापायी."

सेवकराम पुन्हा जाळ्यापाशी बसला. त्याने जाळ्याची फाटकी जागा मांडीवर ओढली आणि दोन गाठी मारल्या. राग त्याला नसेल असं नाही. दोन वर्षं त्याने तो कुणापुढे काढला नव्हता आणि आजही काढला नाही. आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गुरुजींना वाटलं.

मग गुरुजींनी पाणी पिऊन गडवा खाली ठेवला, पाखरांची ती वही आपल्या पिशवीतून काढली आणि कोरं पान उघडलं. खाटेवर न बसता ते त्याच्यासमोर जमिनीवरच बसले. पांढऱ्या सदऱ्याचं त्यांना भान नव्हतं.

"आता कसं करावं, सांग. मी लिहून घेतो."

सेवकरामने त्यांच्याकडे पाहिलं. "लिवून कायले घेता, गुरुजी. तिकडची दगडं काढा लागन. मशीन नाही, हातानं. पळसाकडून माती लोटून उतार करा लागन. गाळ बसाले चार-पाच पावसाळे जातेत. मंग गवत येईन, मंग कीडं, मंग पाखरं."

"तवापर्यंत थो राहीन का?"

"पाखरू किती वर्सं जगते, थे तुमालेच मालूम."

गुरुजींना ते ठाऊक होतं. सी-नऊच्या पायात पट्टी घातली तेव्हाच तो पूर्ण वाढीचा होता, आणि त्याला दहा वर्षं झाली. आणखी पाच पावसाळ्यांचा हिशेब जमत नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सुवाच्य अक्षरात पहिली ओळ लिहिली, दगड काढणे, हाताने.

बाहेर रस्त्यावरून रॅली चालली होती. पुढे चालायचा मान यंदा कुणाला दिला ते पाहायला त्यांनी मान वर केली नाही.

"हं," ते म्हणाले. "पुढं सांग."